तळलेल्या माशाचें तोंडीलावणें

मासा तळण्याची रीत सर्वत्र जवळजवळ एकच आहे. तुकडीला मीठ, हळद व तिखट चोळावें, वरून तांदळाच्या पिठांत किंवा रव्यांत ती घोळवावी आणि तापलेल्या तेलांत खरपूस होऊं द्यावी. परंतु ती ताटांत पडल्यावर तिच्या शेजारीं काय असावें, याविषयीं मात्र प्रांतोप्रांतीं मतभेद आहेत. मालवणी माणूस सोलकढीची वाट पाहतो, घाटावरचा कांदा आणि ठेचा शोधतो, बंगाल्याला राई हवी असते, तर इंग्रजाला शिरका. ज्याला जें लहानपणापासून मिळालें तेंच त्याला शास्त्रशुद्ध वाटतें आणि दुसऱ्याचें ताट अडाणीपणाचें भासतें. मुंबई-पुण्याच्या घरांत आज रत्नागिरीची सासू आणि सोलापूरची सून एकाच ओट्यापाशीं उभ्या असतात. तेथें हा वाद केवळ जिभेचा राहत नाहीं, एकमेकींच्या माहेरापर्यंत जाऊन पोंचतो. वस्तुतः या आवडीनिवडींच्या मुळाशीं कारणें आहेत आणि तीं समजून घेतल्यास पुष्कळसा गैरसमज टळण्यासारखा आहे.

प्रथम 'तोंडीलावणें' या शब्दाचाच विचार करावा. घास मुख्य, तोंडीलावणें गौण. कोंकणांत आणि गोमंतकांत मुख्य घास भाताचा. गोमंतकांत तर जेवणाला 'शीत-कडी' असेंच म्हणतात. तळलेली तुकडी ही तेथें त्या भाताचें तोंडीलावणें होय. इंग्लंडांत याच्या उलट प्रकार आहे. तेथें मासा हेंच जेवण आणि बटाट्याचे तळलेले काप हे त्याचे सोबती. त्यांतही उत्तरेकडे शिजवून मऊ केलेले वाटाणे घेतात आणि स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरांत शिरक्याऐवजीं एक तपकिरी आंबट सॉस ओततात. म्हणजे 'माशाबरोबर काय?' हा इंग्रजाचा प्रश्न कोंकणांत 'भाताबरोबर काय?' असा होतो, आणि प्रश्नच निराळा असल्यामुळें उत्तरही निराळें येतें.

तरीही समुद्रकांठच्या बहुतेक उत्तरांत एक गोष्ट समान आढळते, ती म्हणजे आंबटपणा. हा केवळ योगायोग नव्हे. समुद्रांतील माशाच्या मांसांत ट्रायमेथिलअमाईन ऑक्साईड नांवाचें द्रव्य असतें. खाऱ्या पाण्यांत शरीराचा तोल राखण्यास तें त्याच्या उपयोगीं पडतें. मासा मेल्यावर जंतूंच्या क्रियेनें या द्रव्याचें रूपांतर होतें आणि त्यांतून माशाचा उग्र वास उत्पन्न होतो. हा वास देणारा पदार्थ अल्कधर्मी असल्यामुळें आम्लाशीं त्याचा संयोग होतो, मग तो हवेंत उडत नाहीं व वास मंदावतो. शिवाय तेलकट झालेली जीभ आंबटानें स्वच्छ होते. गोड्या पाण्यांतील माशांत हें द्रव्य फारच थोडें असतें. आंबट हवें हें अशा रीतीनें समुद्रानें ठरविलें. तें कोणतें हवें हें मात्र जमिनीनें ठरविलें.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जमिनीनें कोकम दिलें. रातांबे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. त्यांच्या साली त्यांच्याच रसांत पुनःपुन्हा भिजवून उन्हांत वाळविल्या म्हणजे आमसुलें होतात, आणि मीठ घालून रस साठविला म्हणजे आगळ होतें. नारळाच्या दुधांत आगळ, लसूण, हिरवी मिरची व कोथिंबीर पडली कीं सोलकढी तयार. ती चुलीवर चढवीत नाहींत, कारण आंबटामुळें तापलेलें दूध फुटतें. नारळाचा खर्च टाळावयाचा असेल तेव्हां नुसत्या कोकमाच्या पाण्याचें तिवळ करतात. घाटावर जेवणाच्या शेवटीं जें स्थान ताकाचें, तेंच कोंकणांत सोलकढीचें. मासे आणि दूध एकत्र खाणें हा विरुद्ध आहार असें चरकसंहितेंत सांगितलें आहे व ती समजूत घरोघरीं दृढ आहे. परसांत नारळ असलेल्या घरानें ताकाची जागा माडाकडून भरून घेतली, हें त्या समजुतीशीं जुळणारेंच होतें. बंगाल्यांत मात्र दह्यांत शिजविलेला मासा आवडीनें खातात, हेंही ध्यानांत ठेवावें.

गोमंतकांत एकाच गांवांत दोन परंपरा नांदतात. हिंदु घरांत उकड्या तांदळाचा भात, रव्यांत तळलेली तुकडी आणि सुक्या सुंगटांची खोबरें घातलेली किसमूर. ख्रिस्ती घरांत माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्यांत वाटलेला लाल रेशाद मसाला बांगड्याच्या पोटांत भरतात आणि बरोबर पाव घेतात. शिरक्याची ही चाल पोर्तुगीजांची, आणि मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. उत्तरेस मुंबईकडे बोंबिलाचें मांस इतकें पाणीदार, कीं वजनाखालीं दाबून पाणी काढल्याशिवाय तो कुरकुरीत होत नाहीं. कोळीवाड्यांत त्याच्याबरोबर तांदळाची भाकरी असते, तर पाठारे प्रभू व कायस्थ प्रभू घरांत साध्या वरण-भाताशीं तळलेली तुकडी खातात. सौम्य वरणामुळें माशाची चव झांकली जात नाहीं.

घाटावर सर्वच बदलतें. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याच्या कांठचें भिगवण माशांच्या खाणावळींसाठीं प्रसिद्ध झालें. तेथें तळलेल्या चिलापीशेजारीं ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा आणि ठेचा येतो. मासा गोड्या पाण्यांतला, तेव्हां आंबटाची निकड कमी. आणि भाकरीला झणझणीत सोबत लागते. बंगाल्यांत पावसाळी दिवशीं खिचडीबरोबर तळलेला इलीश खातात, त्याचें तळणीचें तेलही भातावर घेतात आणि कलकत्त्याच्या फिश फ्रायशेजारीं राईची कासुंदी ठेवतात.

शहरांतील उपाहारगृहांत मात्र या सर्वांची एकच थाळी होऊं लागली आहे. कांद्याची चकती, लिंबाची फोड आणि कोठें कोठें बीटाच्या रसानें गुलाबी केलेली कढी, एवढ्यावर काम भागतें. यांत हानि केवळ चवीची नाहीं. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें, परंतु रातांबे पिकत असतांनाच पाऊस येतो. ते वेळेवर उतरवून, फोडून, वाळवून ठेवण्याचें कष्टाचें काम बव्हंशीं स्त्रियांचें आहे, आणि गिऱ्हाईक नसेल तर फळ झाडाखालींच कुजतें. खरें आगळ मागणारें प्रत्येक घर त्या कष्टांचें मोल करीत असतें. म्हणून सुनेनें ठेचा वाटावा, सासूनें कढी करावी आणि दोन्ही वाट्या एकाच ताटांत मांडाव्या. तळलेल्या तुकडीची दोघींनाही हरकत असणार नाहीं.