कटिभागातील मणके, चकत्या व बंध : भात-आवणीच्या अनुषंगाने एक विवेचन

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे हे गाव वसलेले आहे. पावसाने जोर धरला की येथील खाचरांतून महादेव कोळी स्त्रीपुरुष कमरेत वाकून दिवसचे दिवस भाताची आवणी करतात; डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी वाहणे हेही डोंगरी जीवनात नित्याचेच. या दोन श्रमांत पाठीवर पडणारा भार एकाच जातीचा नव्हे. तो भेद कळण्यासाठी प्रथम कटिभागाची रचना पाहिली पाहिजे.

कटिभागात ५ मणके असतात. प्रत्येकाचा पुढील भाग, म्हणजे मणक्याचा पिंड, जाड व मूत्रपिंडाकार असून मुख्य भार तोच वाहतो. मागील बाजूस अस्थींची कमान असते. कमानींच्या ओळीतून जो मार्ग तयार होतो त्यात मज्जारज्जू सुरक्षित राहतो. प्रौढ माणसात मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंचा झुबका असतो, त्यास अश्वपुच्छ म्हणतात. पाचवा मणका त्रिकास्थीवर तिरपा टेकलेला असल्याने त्याची प्रवृत्ती पुढे घसरण्याची असते. मागील सांधे व कटीच्या हाडाशी जोडणारा बळकट बंध त्यास आवरून धरतात.

दोन मणक्यांमधील चकतीचे दोन भाग होत. मध्यभागी जलयुक्त, लिबलिबीत गर आणि त्याभोवती तंतुवलय. वलयाचे तंतू सुमारे १५ ते २५ थरांत रचलेले असून एका थरातील तंतू ज्या दिशेने तिरपे जातात, त्याच्या उलट दिशेने पुढच्या थरातील तंतू जातात. तारुण्यात गरात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. वयपरत्वे ते घटते. प्रौढ चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात. पोषण मणक्यांच्या पृष्ठावरील कूर्चेतून पाझरून येते. म्हणूनच झालेली इजा अत्यंत मंदगतीने भरते.

बंधांपैकी पिंडांच्या पुढून जाणारा अग्र बंध रुंद व भक्कम आहे. मागून जाणारा पश्च बंध मात्र कटिभागात अरुंद होतो व चकतीच्या मागील दोन्ही कडा अंशतः उघड्या राहतात. गर बहुधा मागे व बाजूस सरकतो, यामागील एक महत्त्वाचे शारीर कारण हेच. कमानींना जोडणारा पीत बंध विशेष लवचीक असून वाकताना ताणला जातो व ताठ होताना आखडतो.

आता आवणीचा विचार करू. माणूस वाकला असता धडाचा भार कण्याच्या पुढे जातो. पाठीच्या स्नायूंची तरफ मात्र अवघी काही सेंटिमीटरची असते. साहजिकच स्नायूंना मोठा जोर लावावा लागतो व तो जोर चकतीवर दाबाच्या रूपाने पडतो. १९९९ साली जर्मनीतील विल्के व सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे असताना तो सुमारे ०.५ मेगापास्कल, पुढे वाकल्यावर १.१, आणि पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना २.३ भरला. गुडघे वाकवून तेच वजन उचलता तो १.७ होता. निरीक्षण एकाच व्यक्तीचे असले, तरी त्यातील क्रम उद्बोधक आहे.

पूर्ण वाकलेल्या स्थितीत एक विलक्षण गोष्ट घडते. फ्लॉइड व सिल्व्हर यांनी १९५०च्या दशकात दाखविल्याप्रमाणे पाठीचे स्नायू त्या वेळी जवळजवळ स्वस्थ होतात व भार बंधांवर येतो. बंध दीर्घकाळ ताणले गेले की हळूहळू सैल पडतात. मॅक्गिल व ब्राउन यांच्या १९९२च्या प्रयोगात २० मिनिटे वाकून राहिल्यानंतर आलेली शिथिलता अर्ध्या तासातही पूर्णपणे ओसरली नाही. याउलट चुंबळीवरील मोळीचा भार कण्याच्या रेषेतून खाली उतरतो. तो एकंदर दाब वाढवितो खरा, परंतु तरफेचा ताण कमी ठेवतो. मात्र तास-दोन तासांच्या आवणीनंतर लगेच वाकून मोळी उचलणे, म्हणजे सैल बंधांवर मोठा भार घालणे होय. मध्येच ताठ उभे राहणे, चार पावले चालणे व काही वेळाने ओझे उचलणे, यांस शास्त्राचा असा आधार आहे.

गर सरकून मज्जातंतूवर दाब आल्यास मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जाते. आयुर्वेदातील गृध्रसी ती हीच. हा संबंध १९३४ साली मिक्स्टर व बार यांनी स्पष्ट केला. बहुतेक रुग्णांस काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. परंतु लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा जाणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पाय लुळे पडणे, ही अश्वपुच्छावरील दाबाची चिन्हे असू शकतात. अशा वेळी लेप वा मालिश यांत एक दिवसही घालविणे घातक ठरते, कारण विलंबाने आलेली हानी कायमची होऊ शकते. शस्त्रक्रियेची सोय जेथून दूर आहे, अशा डोंगरी वस्तीत ही चिन्हे ओळखता येणे हेच या शारीरज्ञानाचे पहिले प्रयोजन मानले पाहिजे.