लॉकफाइल स्वच्छ आहे, मग?

८ सप्टेंबर २०२५. आपल्याकडे संध्याकाळ होत होती, तेव्हा बातमी आली: जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या एनपीएम भांडारातली 'चॉक', 'डीबग' आणि आणखी सोळा पॅकेजं बाटली आहेत. आठवड्याला या सगळ्यांची मिळून दोन अब्जांहून जास्त डाउनलोड्स. ती बहुतेक वेळा मुद्दाम कुणी मागवत नाही, दुसऱ्या पॅकेजांबरोबर येतात. त्यांच्या देखभालकर्त्याला 'एनपीएमजेएस डॉट हेल्प' या पत्त्यावरून मेल आला होता: टू-फॅक्टर नव्याने करा, नाहीतर १० तारखेपासून खातं बंद. तो फसला, आणि ते त्याने लगेच जाहीरपणे सांगितलं. विषारी आवृत्त्या काही तासांतच एनपीएमवरून काढल्या जाऊ लागल्या.

अशा वेळी पहिलं काम लॉकफाइल चाळायचं. 'चॉक ५.६.१' आहे का, 'डीबग ४.४.२' आहे का? नसलं की खोलीतले निम्मे लोक निश्चिंत होतात. मी होत नाही. काय बसायला हवं, एवढंच लॉकफाइल सांगते. खरोखर काय बसलं, ते बिल्डच्या लॉगमध्ये असतं. अपडेट करणारा बॉट एखादी ब्रँच उघडतो, तिच्यावर बिल्ड चालतो, पुढे ब्रँच पुसली जाते. बिल्ड मात्र चाललेला असतो. म्हणून प्रत्येक लॉगची वेळ बघायची, आणि ती यूटीसीमध्ये असते, साडेपाच तास मिळवायचे हे शेजारच्याला पुन्हा सांगायचं.

घुसवलेला कोड एका लांबलचक ओळीत कोंबलेला होता. ब्राउझरमध्ये तो क्रिप्टो व्यवहार हेरायचा आणि पैसे ज्या पत्त्यावर जायचे तो बदलायचा. त्यातही चलाखी अशी, की चोराच्या पत्त्यांच्या यादीतून मूळ पत्त्याशी सर्वांत मिळताजुळता निवडायचा. आपण सगळे पहिली आणि शेवटची चार अक्षरं बघून मान डोलावतो, हे चोराला पक्कं ठाऊक. हे सगळं वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये घडतं, म्हणजे नोड-मॉड्यूल्स फोल्डर उडवून भागत नाही. कोड बंडलमध्ये शिरून सीडीएनवर पोचलेला असू शकतो. बंडल नव्याने बांधायचं, कॅशे रिकामा करायचा.

आठवड्याभरात 'शाय-हुलूद' आला आणि सगळा क्रमच उलटला. हा किडा पॅकेज बसतानाच चालायचा, 'ट्रफलहॉग' नावाच्या चांगल्या हत्याराने मशिनवरच्या किल्ल्या हुडकायचा, आणि एनपीएमचं टोकन सापडलं की त्या माणसाच्या पॅकेजांतही स्वतःला घुसवून ती प्रकाशित करायचा. इथे बंडल बघत बसण्यात अर्थ नाही. टोकनं रद्द करायची, तीही दुसऱ्या, स्वच्छ मशिनवरून. घाईत लोक त्याच बाधित लॅपटॉपवर नवी किल्ली बनवतात, म्हणजे चोराला तीही मिळायची सोय.

त्याच महिन्यात 'पीएनपीएम' या पॅकेज मॅनेजरमध्ये एक सेटिंग आलं: प्रकाशित होऊन ठरावीक मिनिटं उलटल्याशिवाय आवृत्ती घ्यायचीच नाही. मला ते आवडतं. कुरकूर रास्त आहे, सुरक्षेची दुरुस्तीही मग उशिराच मिळते. तिच्यासाठी अपवादांची यादी ठेवता येते. त्या यादीत कुणाचं पॅकेज घालायचं, यावर वाद अजून चालू आहे.