एंटर दाबण्याआधी यादी वाचा : लिनक्समधली पॅकेजं

आजचा भाग एका एंटरबद्दल आहे. मीच दाबलेल्या.

कॉलेजचा प्रोजेक्ट सकाळी जमा करायचा होता आणि आदल्या रात्री अकरा वाजता माझ्या लॅपटॉपवर नुसता काळा स्क्रीन. करी रोडच्या आमच्या खोलीत सगळे झोपलेले. व्हायरस वगैरे काही नव्हता. उद्योग माझाच होता.

झालं असं, की प्रोजेक्टला पायथनची नवी आवृत्ती हवी होती. मोबाइलवर आपण काय करतो? जुनं ॲप काढतो, नवं टाकतो. तेच मी उबुंटूवर केलं. टर्मिनलमध्ये लिहिलं : सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३. (कमांड मी उच्चाराप्रमाणे सांगतेय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं.) भलीमोठी यादी आली, खाली प्रश्न आला, मी न वाचता एंटर दाबलं. रीस्टार्ट केलं तर डेस्कटॉपच गायब!

का? मोबाइलवरचं ॲप बहुतेक आपलं सामान आपल्यासोबत आणतं. एक काढलं तरी शेजारच्याला फरक पडत नाही. लिनक्समध्ये सामान सामायिक असतं. आमच्याकडे आई उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीतून वर्षाचा मसाला करून आणते. बरणी एकच, पण उसळ, कालवण, मटण सगळं तिच्यावर. पायथन म्हणजे ती बरणी. उबुंटूचे कितीतरी भाग त्याच्यावर चालतात. यालाच डिपेंडन्सी म्हणतात. बरणी काढायला सांगितली, तर ॲप्ट तिच्यावर अवलंबून असलेलं सगळंच काढतं. मी उसळ बदलायला गेले आणि बरणीच फेकून दिली.

हा हिशोब ठेवणं हेच पॅकेज मॅनेजरचं काम. डेबियनमध्ये आधी डीपीकेजी होतं. ते हातातली फाइल बसवायचं, पण तिला लागणारं बाकीचं सामान आपणच शोधून आणायचं. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट आलं आणि ते सामान स्वतःच आणू लागलं. उबुंटू डेबियनवरच उभं आहे, म्हणून तिथेही ॲप्ट.

रोजच्या कमांड मोजक्याच. 'ॲप्ट अपडेट' म्हणजे दुकानातल्या मालाची ताजी यादी आणणं. यात काहीही बदलत नाही, फक्त यादी येते. 'ॲप्ट अपग्रेड' म्हणजे त्या यादीप्रमाणे नवा माल घरात भरणं. या दोघांत भल्याभल्यांचा घोळ होतो. 'ॲप्ट सर्च' शोधतं, 'ॲप्ट शो' एखाद्या पॅकेजची माहिती देतं, 'इन्स्टॉल' बसवतं, 'रिमूव्ह' काढतं. बदल करणाऱ्या कमांडच्या आधी सुडो लागतं, अपडेटलासुद्धा.

आता मुद्द्याची गोष्ट. ॲप्ट काहीही काढण्याआधी सगळं सांगतं. काय काय जाणार त्याची यादी देतं, शेवटी आकडा देतं आणि मग विचारतं, पुढे जाऊ का? त्या प्रश्नात वाय मोठ्या लिपीत असतो, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी 'हो' धरलं जातं. माझ्या यादीत शंभरावर पॅकेजं होती. एक काढायला सांगितलं आणि शंभर जातायत, एवढं वाचलं असतं तरी पुरे होतं.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं नाही. २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम बसवताना असाच डेस्कटॉप घालवला. तिथे पॅकेजमध्येच गडबड होती, पण इशारा स्क्रीनवर होता. त्यानेही तो ओलांडला.

मग मी काय केलं? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं. नुसत्या अक्षरांचं लॉगिन आलं. प्रोजेक्टच्या फाइल्स होम फोल्डरमध्ये जशाच्या तशा होत्या, कारण रिमूव्ह त्यांना हात लावत नाही. तिथे जीव भांड्यात पडला! मोबाइल केबलने जोडून इंटरनेट दिलं. 'व्हार'मधल्या 'लॉग'मधल्या 'ॲप्ट' फोल्डरात हिस्टरी डॉट लॉग नावाची फाइल असते. काय कधी काढलं, सगळं त्यात नोंदलेलं. मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप. पहाटे तीनला डेस्कटॉप परत दिसला. आणि हो, पायथनची नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसवता येते. जुनीला हात लावायचाच नसतो.

लॅपटॉप नाही? अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइडमधून टर्मक्स घ्या. तिथली पीकेजी ही कमांड आतून ॲप्टच चालवते, आणि सुडो लागत नाही. आधी पीकेजी अपडेट, मग पीकेजी इन्स्टॉल पायथन. सरावाला उत्तम.

आणि काही काढायचं असेल तेव्हा आधी रंगीत तालीम करा : ॲप्ट रिमूव्ह, डॅश एस, मग पॅकेजचं नाव. काय जाईल ते दिसेल, जाणार मात्र काहीच नाही.

आता कुठलीही यादी आली की मी आधी शेवटचा आकडा बघते, मग एंटरकडे बोट नेते. तुम्हीही तेवढं करा. भेटू पुढच्या भागात!