आयरिश पबमध्ये मॅच बघताना : हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल



शीर्षकातला 'पब' शब्द वाचून कपाळाला आठ्या घालू नका. आयर्लंडमधल्या गावचा पब म्हणजे नुसता दारूचा अड्डा नव्हे. तिथे जेवण मिळतं, दिवसा आईवडिलांसोबत मुलंही येतात आणि उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी टीव्हीसमोर निम्मं गाव जमतं. आपली बरीच मराठी कुटुंबं आता डब्लिनकडे आहेत. त्यांच्या मुलांना तिथल्या शाळेत हे खेळ भेटतातच.

टीव्हीच्या कोपऱ्यात 1-18 आणि 0-20 असं काहीतरी दिसतं आणि नवखा माणूस गोंधळतो. यात पहिला आकडा गोलांचा, दुसरा गुणांचा. गोलाचे खांब इंग्रजी 'एच' अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला की गोल, म्हणजे 3 गुण. दांडीवरून, पण दोन्ही खांबांच्या मधून गेला तर 1 गुण. म्हणजे 1-18 चे झाले 21 आणि 0-20 चे 20. आता मुलांना विचारा, 0-20 आणि 2-13 मध्ये कोण जिंकलं? एकही गोल न करणारा संघ जिंकला, हे ऐकून वर्गात नक्की वाद होईल! फुटबॉलमध्ये 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला 2 गुण मिळतात, तेवढं लक्षात ठेवा. पंचाचा हिरवा झेंडा वर गेला तर गोल, पांढरा गेला तर एक गुण.

दोन्ही खेळांत एका बाजूला 15 खेळाडू. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांत तो जमिनीवर टप्पा देऊन घ्यायचा किंवा पायावर सोडून परत हातात उडवायचा. हर्लिंग मात्र वेगळंच प्रकरण आहे. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी काठी आणि चामड्याचा छोटा चेंडू, त्याचं नाव 'स्लिटर'. तो इतका जोरात सुटतो की पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला चेंडू दिसणारच नाही. लोक ओरडले की बघायचं! हेल्मेट सर्वांना सक्तीचं झालं ते 2010 मध्ये. 2018 साली युनेस्कोने हर्लिंगला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे, की यातल्या खेळाडूंना खेळण्याचा पगार नाही. 82,000 प्रेक्षक बसतील अशा क्रोक पार्कवर रविवारी अंतिम सामना खेळणारा मुलगा एरवी शेतकरी, नर्स किंवा आपल्यासारखा शिक्षक असतो. तो शक्यतो आपल्याच काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्याकडून खेळतो. त्यामुळे पबमध्ये ओरडणाऱ्यांपैकी कुणाचा तरी तो भाचा असतो, कुणाच्या तरी वर्गात बसलेला असतो.

ही संघटना उभी करणारा मायकल क्युसॅकही शिक्षकच. 1 नोव्हेंबर 1884 ला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मोजकी माणसं जमली. इंग्रजी राज्यात आपले खेळ मरू नयेत, ही त्यांची तळमळ होती. त्याची किंमतही पुढे मोजावी लागली. 21 नोव्हेंबर 1920 ला डब्लिन आणि टिपररी यांचा सामना चालू असताना सरकारी दलांनी क्रोक पार्कमध्ये गोळीबार केला. 14 जण गेले, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. तिथल्या एका स्टँडला आज त्याचं नाव आहे. जालियनवाला बाग शिकवताना हा प्रसंग जरूर सांगा. तिथे अवघं दीड वर्ष आधी काय झालं ते मुलांना माहीतच असतं.

दुष्काळात आणि नंतरही आयरिश माणूस परदेशी गेला आणि खेळ सोबत घेऊन गेला. 1947 चा फुटबॉलचा अंतिम सामना चक्क न्यूयॉर्कमध्ये झाला. आजही तिथल्या आयरिश पबमध्ये लोक मॅचसाठी सकाळीच येऊन बसतात, कारण आयर्लंडमध्ये तेव्हा दुपार असते.

तुम्ही गेलात तर शेजाऱ्याला त्याची काउंटी विचारा. दोन्हीकडचे समर्थक एकाच बाकावर बसतात, स्टेडियममध्येसुद्धा. फक्त तो मेयोचा निघाला तर 1951 चा विषय जपून काढा. त्या साली त्यांनी फुटबॉलचा करंडक जिंकला, त्यानंतर 2025 पर्यंत एकदाही नाही. मधल्या काळात किती अंतिम सामने हरले, ते तो स्वतःच मोजून दाखवेल.