परसांतील कोंबड्या-बदकांचे चोर : त्यांची ओळख व बंदोबस्त

खाडीकांठच्या गांवांत परसदारीं दहापांच कोंबड्या आणि दोनचार बदकें बाळगणाऱ्या गृहस्थाची तक्रार बहुधा एकाच वाक्यांत ऐकूं येते : काल रात्रीं मुंगसानें कोंबडी नेली. या वाक्यांतच घोटाळा आहे. मुंगूस हें दिवसाचें जनावर. रात्रीं तें आपल्या बिळांत झोपलेलें असतें. रात्रीं गेलेल्या कोंबडीचा आळ त्याजवर घेऊन त्याचा पाठलाग करणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय. आणि खरा चोर दुसरे रात्रीं त्याच भोंकानें पुनः येतो. यास्तव कोणताही उपाय योजण्यापूर्वीं चोरी केव्हां झाली, काय नेलें आणि काय टाकून दिलें, एवढें तरी पाहिलें पाहिजे.

या बाबतींत कोपरीची स्थिति ध्यानांत घेण्यासारखी आहे. ठाण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्ग व खाडी यांच्यामध्यें हें जुनें गांव आहे. आज त्याच्या भोंवतीं इमारतींची दाटी झाली असली तरी खाडीच्या कांठानें तिवरांचें रान अद्याप टिकून आहे, व ठाण्याच्या खाडीवरील अशा रानांत कोल्ह्यांची वस्ती आहे. दक्षिणेकडे ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यानचा खाडीचा पट्टा २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत त्याचा समावेश झाला. एका अंगास हें रान, तर दुसऱ्या अंगास शहराचा उकिरडा. उकिरड्यावर घुशी, घुशींच्या मागें साप, आणि उष्ट्याखरकट्यावर पोसलेलीं भटकीं कुत्रीं ! येथील परसास दोहोंकडचे शत्रु आहेत. येऊरच्या डोंगरालगतच्या वस्तीस बिबट्याचाही विचार करावा लागतो. परंतु तो विषय वेगळा.

आतां खुणांकडे वळूं. सकाळीं खुराडें मोडलेलें, चारसहा पक्षी इतस्ततः मरून पडलेले, अंग चावून चघळलेलें, पण मांस फारसें खाल्लेलें नाहीं, असा देखावा दिसला तर तें काम कुत्र्यांचें समजावें. कुत्रें पुष्कळदां खेळाच्या भरांत मारतें. कोल्हा पोटासाठीं येतो. तो बहुधा पक्षी तोंडांत धरून निघून जातो, आणि मागें तिवरांच्या दिशेनें गेलेली पिसांची रांग तेवढी राहते. कुंपणाखालीं उकरलेली ओली मातीही त्याची, किंवा कुत्र्याची, साक्ष देते. आमच्या मतें लोक कोल्ह्यास जितका दोष देतात त्याचा बराच वांटा शेजारच्या आळींतील कुत्र्यांच्या पदरीं घातला पाहिजे. पण शेजाऱ्याच्या दारीं भाकरी खाणाऱ्या कुत्र्याविषयीं बोलणें अवघड जातें, आणि कोल्ह्याची बाजू घ्यावयास कोणी येत नाहीं.

उदमांजर झाडावरून किंवा कौलांवरून येतें, आणि पुष्कळदां डोकें व मान खाऊन धड तसेंच टाकतें. येथें एक गोष्ट बारकाईनें पाहावी. डोकें नाहींसें झालेलें धड जर आंतल्या बाजूस जाळीला लागूनच पडलेलें असेल, तर चोर आंत आलाच नव्हता असें समजावें. जाळीला टेकून झोपलेल्या पक्ष्याची मान त्यानें बाहेरून पंजा घालून ओढली. अशा वेळीं दाराला दुसरें कुलूप लावून कांहीं उपयोग नाहीं. दोष जाळीच्या रुंद भोंकांचा आहे.

लहान पिलें रात्रीं एकेक करून कमी होत असतील व कोपऱ्यांत नवी माती उकरलेली दिसत असेल तर घूस. अंडीं टरफलांसकट नाहींशीं झालीं तर प्रथम सापाची शंका घ्यावी. पिलूं मेलेलें आहे, जखम दिसत नाहीं, पण डोकें व मान ओलीं, पिसें चिकटलेलीं आहेत, तर सापानें तें गिळूं पाहिलें व जमलें नाहीं म्हणून टाकलें असें जाणावें. धामण बिनविषारी असून शेताघरांतील उंदीर खाऊन उपकारच करते (ती गाईच्या पायांस वेढा घालून दूध पिते ही गोष्ट निव्वळ कल्पित आहे). परंतु अंड्यांच्या व पिलांच्या वासावर नागही येतो. म्हणून अंधारांत खुराड्यांत हात घालण्यापूर्वीं बॅटरीच्या उजेडांत कोपरे पाहून घ्यावे. हें काम मुलांवर सोपवूं नये.

दिवसाढवळ्या झालेली चोरी मुंगूस, घोरपड, मांजर, कावळा किंवा घार यांची. घारीनें झडप घातली तर मागें कांहींच उरत नाहीं.

शंका राहिल्यास चुलींतील राख चाळून निजण्यापूर्वीं खुराड्याभोंवतीं पातळ पसरावी. सकाळीं उमटलेलीं पावलें मोजावीं. चार बोटें व नखांचे ठसे असतील तर कुत्रें किंवा कोल्हा. चार बोटें पण नखें नाहींत तर मांजर अथवा रानमांजर. पांच बोटें असतील तर उदमांजर किंवा मुंगूस, आणि तें कोणतें हें वेळ सांगते.

बंदोबस्ताचें मर्म खुराड्याच्या बांधणींत आहे. बाजारांत मिळणारी बारीक तारेची षट्कोनी जाळी कोंबडी आंत ठेवते, शत्रूस बाहेर ठेवीत नाहीं. कुत्रें ती दांतांनीं फाडतें. अर्धा इंच चौकोनाची, सांधे वेल्ड केलेली जाड जाळी घ्यावी. ती महाग पडते खरी, पण एकदांच घ्यावी लागते. तिची खालची कड एक फूट जमिनींत पुरावी. खडक किंवा पाणी लागत असेल तर ती बाहेरच्या बाजूस फूट-दीड फूट आडवी पसरून वर दगड रचावे. उकरणारें जनावर भिंतीच्या अगदीं बुडाशीं उकरतें व तेथेंच अडतें. छप्पर व भिंत यांमधील फट जाळीनें बंद करावी, पण वारा अडवूं नये. खुराड्यावर टेकणारी फांदी तोडावी. पावसाळ्यांत खालच्या फळ्या कुजतात, म्हणून मृगापूर्वीं त्या ठोकून पाहाव्या. दाराची कडी नुसती सरकवूं नये. तिच्यांत खीळ घालावी. उरलेलें दाणापाणी रात्रीं आंत ठेवूं नये, कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. पिलांसाठीं मोकळ्या जागेवर वरून जाळें ताणावें; लहानपणीं तीं डाल्याखालीं राहिलेलीं बरीं.

बदकांचें प्रकरण निराळें आहे. कोंबडी दांडीवर चढून बसते, बदक जमिनीवरच झोपतें. त्यामुळें तें कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडीं सहज सांपडतें. त्यास भक्कम तळाची, सुका पेंढा घातलेली कोठडी पाहिजे, आणि दिवेलागणीपूर्वीं तें हांकून आंत घेतलें पाहिजे. बदकें बहुधा पहांटेपासून आठनऊपर्यंत अंडीं घालतात. त्यांस लवकर सोडलें तर अंडें खाजणांत पडतें व पहांटेचा कोल्हाही भेटतो. नऊ वाजतां सोडल्यानें दोन्ही गोष्टी टळतात.

सांपळे व विष यांविषयीं स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें कोल्हा, मुंगूस, उदमांजर, घोरपड, अजगर यांस संरक्षण असून त्यांस मारणें किंवा धरणें हा गुन्हा आहे. शिवाय विष घातलेलें मांस कोण खाईल याचा नेम नसतो. जनावर आंत अडकलें तर वनखात्यास कळवावें, हात लावूं नये. २०२४ सालीं चेंबूर-ट्रॉम्बे भागांत कोल्ह्यांनीं माणसांस चावे घेतले, आणि मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला. दिवसां न भितां जवळ येणाऱ्या कोल्ह्यापासून दूरच राहावें. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत लस घ्यावी.

शेवटीं, अंगावर जखम नाहीं, पिसें विस्कटलेलीं नाहींत, आणि तरी पक्षी पटापट मरत आहेत, अशा वेळीं चोर शोधीत बसूं नये. ती राणीखेत किंवा बर्ड फ्लू असूं शकते. याच जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांतील वेहळोली येथें फेब्रुवारी २०२२ मध्यें बर्ड फ्लूनें कोंबड्या मेल्या होत्या. मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हातानें न शिवतां, व ते खाडींत न टाकतां, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशीं वर्दी द्यावी, आणि उरलेले पक्षी बाहेर सोडूं नयेत.