स्वस्तातली भटकंती, महागात पडलेले जुलाब

सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून समुद्राकडे निघणारी तरुण मंडळी आपल्या गावातही आता बरीच दिसतात. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला आणि पुढे पणजी असा एस.टी.चा प्रवास, घरगुती खोलीत मुक्काम, मिळेल ते खाणे आणि खिशात मोजके पैसे. अशा भटकंतीला माझा मुळीच विरोध नाही. त्या वयात पाहिलेला मुलूख जन्मभर आठवतो. मात्र पैशाची काटकसर करताना पाण्याची काटकसर झाली तर काय होते, हे आज सांगायचे आहे.

गेल्या मे महिन्यात असेच दोन मित्र निघाले होते. मालवणात एकाला रात्री जुलाब सुरू झाले. थांबावे तर खोलीचे भाडे वाढणार. मित्राने दुकानातून जुलाब थांबवण्याची गोळी आणली आणि ‘बसमध्ये अडचण नको, पाणी पिऊ नकोस’ असे बजावले. पणजीतला एक दिवस उन्हात काढून रात्रीच्या गाडीने ते परतले. सकाळी माझ्याकडे आणले तेव्हा मुलाचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी होती, नाडी जलद होती आणि बारा तासांत लघवी झालेली नव्हती. सलाईनच्या बाटल्या चढल्या आणि मुलगा वाचला. बाहेर बाकावर त्याचा मित्र रडत होता. ‘डॉक्टरकाका, मी त्याच्या चांगल्यासाठीच केलं हो!’ ते खरेच होते. त्याला माहिती नव्हती, एवढेच.

नेमके काय चुकले?

जुलाबात मारते ती शरीरातून गेलेल्या पाण्याची आणि क्षारांची तूट. गोळीने आतड्याची हालचाल मंदावते, तूट भरून येत नाही. ताप असेल किंवा शौचावाटे रक्त पडत असेल तर अशी गोळी धोक्याची ठरते. त्यात किनाऱ्यावरची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातच राहते. घाटावरच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या माणसाच्या हे लवकर ध्यानात येत नाही.

सर्वांत स्वस्त औषध

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मिसळलेले पाणी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. नातेवाईकच ते पाजत असत. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्याही खाली आले. डॉक्टरांचे २०२२ साली निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. यामागचे तत्त्व सोपे आहे. जुलाब चालू असतानाही साखरेच्या जोडीने मीठ आतड्यातून शोषले जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते.

म्हणून पिशवीत ओ.आर.एस.ची चार-पाच पाकिटे ठेवा. एक लिटरचे पाकीट की २०० मिलिलिटरचे, हे त्यावर वाचून तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त पडू देऊ नका. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने एक ते दोन पेले प्यावेत. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने सुरू करावे. तयार केलेले पाणी २४ तासांनंतर फेकून द्यावे. उपाशी राहू नये. कोकणात पेज कुठेही मिळते, ती मीठ घालून घ्यावी. शहाळे चांगलेच, पण त्यात सोडियम कमी असल्याने ते ओ.आर.एस.ची जागा घेऊ शकत नाही. बाटलीतली गोड शीतपेये टाळावीत, जादा साखरेने जुलाब वाढतात.

मासे खाताना

मासे जरूर खा, पण ताजे आणि गरम. तिसऱ्या, कालवे नीट शिजलेलीच खावीत. बर्फाविना पडून राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे ही त्याची लक्षणे. श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

सोबत्याने काय पाहावे?

आजारी माणसाला स्वतःची अवस्था नेहमी कळतेच असे नाही. ‘मला काही झालं नाही, चल पुढे’ असेच तो म्हणतो. म्हणून सोबत्याने विचारावे, लघवी शेवटची कधी झाली? सहा तास झाली नसेल किंवा अगदी गडद होत असेल, तर पुढचा प्रवास थांबवावा. शौचावाटे रक्त, जोराचा ताप, न थांबणारी उलटी, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसल्यास जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे.

उन्हात हिंडताना मित्र असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत निजवून, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नये.

तो मुलगा आता ठणठणीत आहे. दिवाळीत दोघे पुन्हा निघाले, तेव्हा जाण्यापूर्वी दवाखान्यात येऊन गेले. पिशवीत ओ.आर.एस.ची पाकिटे कोणी ठेवली होती, ते सांगायला नकोच. एका दिवसाचे जादा भाडे भरावे लागले तर खुशाल भरावे, सलाईनपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडते.