र्‍हापिस : छायेत वाढणारा ठेंगणा ताड

ताड म्हटला म्हणजे उघड्या आकाशाखाली उंच गेलेला एकच सोट डोळ्यांपुढे येतो. परंतु या कुलातील काही जाती छायेत झुडपासारख्या वाढतात. शहरांत व्हरांड्यातील कुंडीत दिसणारा र्‍हापिस हा त्यांपैकीच एक होय. त्याचे मूळस्थान दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनाम हे असून जपानात त्याची लागवड फार पूर्वीपासून होत आली आहे.

१७७५ साली जपानला गेलेल्या थुनबेर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ साली या ताडास ‘एक्सेल्सा’, म्हणजे ‘उंच’, असे नाव दिले. वस्तुतः हा ताड बहुधा दोन-तीन मीटरच वाढतो. पुढे हेच नाव ट्रॅकिकार्पस या खरोखर उंच ताडासही लावले गेले आणि घोटाळा माजला. अखेर १९३० साली ‘र्‍हापिस एक्सेल्सा’ हे नाव प्रसिद्ध झाले. प्रथम दिलेले विशेषण, ते वर्णनास न जुळले तरी, कायम ठेवावे असा वनस्पतिशास्त्राचा नियम आहे.

तेव्हा ओळख नावावरून नव्हे, अवयवांवरून पटवावी. दोन्ही ताडांची पाने पंख्यासारखी व खोडे तंतूंनी वेढलेली असतात. म्हणून एकच लक्षण पुरेसे नाही. ट्रॅकिकार्पसचे खोड जाड व एकाकी असते आणि पान पुष्कळ अरुंद खंडांत विभागलेले असते. र्‍हापिसची खोडे बोटाएवढी बारीक असून जमिनीखालील खोडापासून फुटून त्यांचे बेट बनते. पानाचे खंड थोडे व रुंद असतात. त्यांची टोके कातरल्यासारखी, दातेरी दिसतात. तंतू गळाल्यावर खोडावर वेळूसारखी पेरे दिसतात. म्हणूनच जपानी लोक त्यास कान्नोनचा, म्हणजे अवलोकितेश्वराचा, वेळू म्हणतात.

लागवडीस निचऱ्याची, सकस माती घ्यावी. ती ओलसर राहावी, पण पाणी साचू नये. कडक उन्हाने पाने पिवळी पडतात. पावसाळ्याच्या आरंभी मुळांसह फुटवे अलग करून सावलीत लावावेत. वाढ मंद असल्याने उतावीळ होऊ नये. नर व मादी फुले बहुधा निरनिराळ्या झाडांवर येतात. एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेली सारी रोपे एकाच लिंगाची असल्याने अशा बागेत फळे धरत नाहीत. हा रोग नव्हे, हे माळ्याने ध्यानी ठेवावे.